विशेषण मागे, नाम कायम

माझी वहिनी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसला तो तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दादाला. दादा शाळेत भूगोल शिकवतो. जगातले सगळे ज्वालामुखी त्याला तोंडपाठ आहेत, पण घरातला कधी पेटणार याचा त्याला आजवर एकदाही अंदाज आलेला नाही.

"तू? पालिकेत?" एवढंच तो म्हणाला.

"दवाखान्यासमोरचं गटार कित्येक वर्षं उघडं आहे," वहिनी म्हणाली. "अर्ज करून करून थकले. आता मीच तिथे जाऊन बसते."

"गटारात?"

"पालिकेत. फरक असला तर सांग."

वहिनी जनावरांची डॉक्टर. रंगाने काळी. सावळी, गव्हाळ, निमगोरी असले आडपडदे नाहीत, स्वच्छ काळी. तिचे आजोबा समुद्रापलीकडून रेल्वेचे रूळ टाकायला आले आणि काम संपल्यावर इथेच राहिले. अशा कुटुंबांना आमच्या गावात 'पलीकडचे' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या अलीकडे राहिले तरी ते पलीकडचेच. दादाने तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या आईने तोंड असं पाडलं होतं की उचलायला माणूस लावावा लागला असता. पुढे आमची मांजर बाळंतपणात अडली, वहिनीने अर्धा दिवस फरशीवर बसून तिला मोकळं केलं, आणि आईचं तोंड आपोआप वर आलं. त्यानंतर सून म्हणजे तिच्या डोळ्यांतली बाहुली. "बाहुलीपण काळीच असते," असं वहिनी म्हणायची, आणि आई तिला लटकं रागवायची.

मी बस डेपोत उद्घोषक आहे. गाडी कुठल्या फलाटाला लागणार आणि किती उशिरा, हे गावाला माझ्याच आवाजात कळतं. त्यामुळे प्रचाराच्या गाडीवरचा कर्णा कोणाच्या गळ्यात पडणार, याची चर्चासुद्धा झाली नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं म्हणून सुरुवात केली, तर रस्त्यावरची निम्मी माणसं पिशव्या उचलून धावत सुटली.

वहिनीच्या विरुद्ध उभे होते हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. ते पालिकेत इतकी वर्षं होते की तिथल्या खुर्चीवर त्यांच्या बैठकीचा खड्डा पडला होता. गाव त्यांना 'टाळीसाहेब' म्हणायचं, कारण भाषणात प्रत्येक वाक्यानंतर ते टाळी येईपर्यंत थांबायचे. टाळी आली नाही, तर तेच वाक्य पुन्हा.

बाजारातल्या सभेत ते म्हणाले, "म्हशींना सुया टोचता टोचता ही काळी म्हैस आता पालिकेत घुसायला निघालीय!" आणि थांबले. टाळी आली. चांगली घसघशीत आली. कोणीतरी ते फोनवर टिपलं, आणि आम्ही संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत ते गावभर झालं होतं. दुसऱ्या सकाळी चौकाचौकात कापडी फलक लागले: 'पालिकेत काळी म्हैस नको, माणूस हवा!'

आईने फलक वाचला आणि ती भाजीची पिशवी तशीच घेऊन घरी परतली.

"काळी म्हणतो! माझ्या सुनेला काळी म्हणतो! जीभ झडत कशी नाही मेल्याची?"

"आई, तू स्वतः लग्नाच्या वेळी..." दादाने तोंड उघडलं.

"मी घरात म्हणाले होते. चौकात कापड बांधून नव्हते म्हणाले."

"आणि म्हैस?" वहिनीने शांतपणे विचारलं.

आई क्षणभर घुटमळली. "ते चूकच आहे. पण वजन थोडं वाढलंय गं तुझं, हे मला नाकारता येत नाही."

दुपारपर्यंत गाव पेटून उठलं. वकील, दुकानदार, निवृत्त लोकांचा फिरायला जाणारा गट, सगळ्यांनी निषेध केला. आमच्या वर्तमानपत्राच्या संपादकाने पहिल्या पानावर अग्रलेख लिहिला. मथळा होता, 'गावाच्या तोंडाला काळं!' तो छापून झाल्यावर कोणीतरी त्याला सांगितलं की या मथळ्यात जरा गडबड आहे, तेव्हा पुढच्या प्रतींत तो 'गावाची मान खाली' असा झाला. याच संपादकाच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. वहिनीचा मावसभाऊ विचारायला गेला तेव्हा संपादक म्हणाला होता, "सध्या रंगकाम चालू आहे." ते रंगकाम आजही चालू आहे. मधल्या काळात दोन भाडेकरू राहून गेले, तेवढंच.

पण कायद्याची भीती खरी होती. निवडणुकीच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की वर्णावरून किंवा वंशावरून अपमान केला तर उमेदवारी रद्द होऊ शकते. म्हणून टाळीसाहेब फुलांचा गुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन थेट दवाखान्यात आले. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून मी तिथे पेशंटांचे नंबर पुकारत होते. बाकावर एक बाई पोपट घेऊन बसल्या होत्या, आणि एक आजोबा शेळी घेऊन. वहिनीच्या हातात एका कुत्र्याचा जबडा होता.

"ताई," टाळीसाहेब म्हणाले, "'काळी' या शब्दाबद्दल मी अंतःकरणापासून दिलगीर आहे."

आणि थांबले. सवयच ती. दवाखान्यात कोण टाळ्या वाजवणार? शेवटी शेळी ओरडली, तेव्हा ते पुढे बोलू लागले. "आमच्या मनात रंगभेद नाही. कधीच नव्हता."

"बरं," वहिनी म्हणाली. "आणि म्हैस?"

"म्हणजे?"

"त्याच्या पुढचा शब्द."

टाळीसाहेब मनापासून हसले. फोटोग्राफर हसला. पोपटवाल्या बाईसुद्धा, हसायचंच असतं बहुधा, असं समजून हसल्या. "अहो ताई, ती गंमत! राजकारणात यायचं तर कातडी जरा जाड हवी."

"कातडीबद्दल आत्ताच माफी मागितलीत ना?"

"डॉक्टर, इकडे बघा, जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला. वहिनी हसली नाही. तिचं लक्ष शेळीकडे होतं, कारण शेळीने गुच्छ मागच्या बाजूने खायला घेतला होता. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत टाळीसाहेबांच्या हातात नुसते देठ होते. बातमी होती, 'दिलगिरीने वादावर पडदा'.

पडदा खरंच पडला, तो फलकांवर. टाळीसाहेबांची माणसं शिड्या आणि खळ घेऊन गावभर फिरली आणि 'काळी' या शब्दावर कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. खाली हातभर अक्षरांत उरलं: 'पालिकेत म्हैस नको, माणूस हवा!' वारा सुटला की पट्ट्या फडफडायच्या, कुठे कुठे सुटायच्या, आणि एखादा कार्यकर्ता घाबराघुबरा होऊन शिडीवर चढायचा. त्याच्या गुडघ्याखाली म्हैस आरामात उभी.

वहिनीला तिकीट दिलेल्या आमच्या पक्षाच्या कार्यालयात वेगळाच आनंद होता. अध्यक्षांनी वहिनीला बघितल्याबरोबर हात जोडले. "या, आमच्या रणरागिणी! सगळं गाव तुमच्या पाठीशी आहे. बसा. जरा चहाचं बघता का?"

वहिनीने टेबलावरच्या किटलीकडे बघितलं. "बघितलं. चांगला दिसतोय."

अध्यक्ष स्वतःच उठले. प्रचाराची आखणी करायला पक्षाने बाहेरून एक सल्लागार बाई आणल्या होत्या. हुशार बाई, बोलणं सुरीसारखं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रंगाचा मुद्दा सोडू नका. पण म्हैस-बिस काढू नका. रंगाच्या मुद्द्यावर अख्खं गाव तुमच्यामागे आहे. बाईपणाच्या मुद्द्यावर अर्धंच, आणि तेही नवऱ्याला विचारून."

"पण दोन्ही शिव्या मलाच दिल्यात," वहिनी म्हणाली. "एक अंगाला लागली आणि एक नाही, असं मी कसं म्हणू?"

"लागली असं म्हणा ना. पण मनात."

"तुम्हाला कोणी कधी असं म्हटलं नाही?"

सल्लागार बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. ते कपबशांशी झटापट करण्यात गुंतले होते. "मी जे सांगते ते बैठकीत कोणालाच ऐकू येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मग तेच अध्यक्ष म्हणतात आणि ठराव होतो. सवय झालीय मला. म्हणून तर सांगतेय, त्या वाटेला मतं नाहीत."

वहिनी घरी आली, हात धुतले, आणि आचारसंहिता समितीकडे तक्रार लिहायला बसली. दादा म्हणाला, "आता तर त्यांनी शब्द मागे घेतलाय." वहिनी म्हणाली, "अर्धाच घेतलाय."

समिती पालिकेच्या मागच्या खोलीत बसायची. तिघे जण होते. एक निवृत्त न्यायाधीश, एक मुख्याध्यापक, आणि एक औषधांचे दुकानदार. दुकानदार आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचून इतके दमले होते की इतर काही वाचायला त्यांचा ठाम नकार होता. मी कर्णेवाली म्हणून साक्षीला हजर होते.

"वर्णाबद्दलचा शब्द मागे घेतला गेला आहे," न्यायाधीश म्हणाले. "मग तक्रार कशाबद्दल?"

"म्हशीबद्दल," वहिनी म्हणाली.

मुख्याध्यापकांनी शाळेत सारा जन्म व्याकरण शिकवलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, 'काळी' हे विशेषण, 'म्हैस' हे नाम. आक्षेपार्ह होतं ते विशेषण. ते काढलं तरी वाक्य शाबूत राहतं. आपल्याला वाक्यरचनेला हात लावता येणार नाही."

"सर, मला एक सांगा," वहिनी म्हणाली. "मी काळी आहे का?"

तिघेही एकदम खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर सायकलींची शेड होती.

"अहो, आहे. दिसतंय ना. ते खरं आहे. मी म्हैस आहे का?"

"छे छे!" न्यायाधीश म्हणाले.

"नाहीये, हे मी धंद्याने सांगू शकते. हवं तर शिक्का मारून दाखला देते. म्हणजे खरं होतं ते निघालं आणि खोटं होतं ते तुम्ही ठेवलंत."

मग न्यायाधीशांनी आचारसंहितेची पानं उलटली. "महिलांबाबत एक कलम आहे तसं. 'महिलांचा शक्य तेथे आदर राखावा.'"

"शक्य तेथे म्हणजे कुठे?"

"ते परिस्थितीवर अवलंबून," मुख्याध्यापक म्हणाले. "निवडणुकीत सगळीकडेच शक्य होतं असं नाही."

निकाल तिथल्या तिथे लागला: विशेषण मागे, नाम कायम. बाहेर पडताना औषधवाल्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि आपल्या बोक्याच्या कानाला कुठलं मलम चांगलं, असं वहिनीला विचारलं. तिने सांगितलंसुद्धा. तिच्या जागी मी असते तर चुकीचं सांगितलं असतं.

त्या दिवशी दवाखान्यात परतल्यावर वहिनी पहिल्यांदा रडली. हुंदके वगैरे नाहीत. कपाटातलं कापसाचं बंडल घेतलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "काळी ऐकायची सवय मला शाळेपासून आहे. निदान आता लोकांना ते उघड्यावर म्हणायची लाज वाटते. भाड्याने खोली देत नाहीत, पण लाज वाटते. या दुसऱ्याची तर लाजच वाटत नाही गं. वर मलाच म्हणतात, हस." मग तिने नाक शिंकरलं आणि एका सशाची नखं कापली.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात नगरभवनात दोघांची जाहीर चर्चा ठेवली होती. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत टाळीसाहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. गोऱ्यापान, अंगाने भरभक्कम, कपडे कडक इस्त्रीचे. गावात सगळ्यांना माहीत होतं की हार्डवेअरचं दुकान मुळात त्यांच्या वडिलांचं. टाळीसाहेब तिथे खिळे मोजायला लागले होते आणि जावई होऊन गल्ल्यावर बसले.

सूत्रसंचालक होता आमचा संपादक. त्याने आवाज गंभीर करून टाळीसाहेबांना विचारलं, "आपण रंगभेद करता, असा आपल्यावर आरोप आहे. आपलं काय म्हणणं?"

टाळीसाहेब याचीच वाट बघत होते. छातीवर हात ठेवून ते उभे राहिले. "साफ खोटं! मी रंग बघतच नाही. या बाई गोऱ्यापान असत्या, तरी मी त्यांना म्हैसच म्हणालो असतो!"

आणि थांबले. मागच्या रांगांतून टाळी आली. त्यांना आणखी जोर चढला. "बाई गोरी असो, काळी असो, चूल सोडून पालिकेत शिरली की माझ्या लेखी म्हैसच! माझ्याकडे सगळ्यांना समान न्याय!"

पुन्हा थांबले. या वेळी टाळी आली नाही. तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे वाक्य पुन्हा म्हटलं. "गोरी असो, काळी असो, म्हैसच!"

मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. वहिनीने माईक जवळ ओढला. मला वाटलं, आता ही काहीतरी जबरदस्त बोलणार. ती एवढंच म्हणाली, "समितीने ऐकावं म्हणून मी हेच सांगत होते. मला इतकं नीट सांगता आलं नाही. आभारी आहे."

पहिला हसण्याचा आवाज कुठून आला सांगू? पहिल्या रांगेतून. टाळीसाहेबांच्या पत्नी हसत होत्या. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि उठल्या.

"अगं, कुठे निघालीस?" टाळीसाहेब माईकवरच म्हणाले.

"पाणी प्यायला," त्या म्हणाल्या. "म्हशीला तहान लागलीय."

त्या मधल्या वाटेने बाहेर पडल्या. त्यांच्यामागून डोकं ताठ ठेवून मुख्याध्यापकांच्या पत्नी, मग दुधाच्या डेपोवाल्या बाई, मग एकेक रांग उठायला लागली. काही पुरुषही उठले, बहुतेक घराची किल्ली बायकोकडे होती म्हणून. आई शेवटपर्यंत बसून राहिली. तिला कोणीतरी विचारलं तर म्हणाली, "माझी सून वर बसलीय. आणि पुढची जागा आत्ताच रिकामी झालीय."

टाळीसाहेब त्या दिवशी चालत घरी गेले. वाटेत त्यांचेच फलक लागत होते.

वहिनी जिंकली. फार नाही, थोडक्यात, पण जिंकली. संपादकाने मथळा दिला, 'रंगभेदाचा पराभव'. खाली छापलं होतं की नव्या नगरसेविका घर आणि काम यांचा मेळ कसा घालणार, हे बघणं औत्सुक्याचं ठरेल. दादाने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "मला कधीच कोणी असं विचारलं नाही." वहिनी म्हणाली, "तू मेळ घालायला लाग, मग विचारतील." त्याने भांडी घासायला घेतली. वाईट घासतो, पण घासतो.

अध्यक्षांनी तिला महिला आणि बालकांची समिती देऊ केली, फुलं देतात तशी. तिने गटारं मागितली. ते म्हणाले, "अहो, घाण काम आहे, बाईमाणसाला कशाला?" वहिनीने विचारलं, "अडलेल्या गाईचं वासरू कधी बाहेर काढलंय का तुम्ही? खांद्यापर्यंत हात आत घालून?" अध्यक्षांच्या हातात बिस्किट होतं, ते त्यांनी परत बशीत ठेवलं. त्याच बैठकीत सल्लागार बाईंनी गटारांचा विषय वहिनीकडे द्यावा, असं सुचवलं. कोणालाच ऐकू गेलं नाही. मग अध्यक्ष तेच म्हणाले, आणि ठराव झाला.

महिन्याभराने, माझ्या सुट्टीच्या दिवशी, टाळीसाहेबांच्या पत्नी दवाखान्यात आल्या. सोबत त्यांची म्हातारी कुत्री होती, पिंपासारखी गोल. मी नंबर पुकारला. त्या आत आल्या, कुत्रीला टेबलावर ठेवायला आम्ही तिघी लागलो.

"एक सांगायचंय," त्या वहिनीला म्हणाल्या. "मत मी ह्यांनाच दिलं. इतक्या वर्षांची सवय. हात दुसरीकडे वळेचना."

"हरकत नाही," वहिनी म्हणाली.

"पण आमच्या गल्लीला सांगितलं, तिला द्या. सगळ्यांनी दिलं. एक माझं इकडेतिकडे."

"साहेब कसे आहेत?"

"घरी असतात. बोलतात, मग थांबतात. मी माझं काम करते. मग तेच पुन्हा बोलतात." त्यांनी उसासा टाकला. "अजून त्यांना वाटतं, हरलो ते 'काळी' म्हणालो म्हणून. मी सांगते, अहो, तेही एक आहेच, पण दुसरं? तर म्हणतात, दुसरं काय?"

वहिनीने कुत्रीच्या पोटावर हात फिरवला, तिला वजनकाट्यावर चढवलं, आकडा बघितला, आणि डॉक्टरी आवाजात म्हणाली, "वजन फार वाढलंय. कमी करायला हवं."

बाईंनी झटकन मान वर केली.

"हिचं," वहिनी घाईने म्हणाली. "कुत्रीचं म्हणतेय मी."

मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि आधी एकीला फुटलं का दुसरीला, ते मला सांगता येणार नाही. काट्यावर कुत्री बिचारी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मी दार उघडून पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्याच्या काखेत बोका होता, आणि या बायका कशाला हसताहेत हे न कळल्यामुळे तो दारातच उभा राहिला.